मुंबईची थंडी आणि घरातलं दुडदुडणारं मूल : शहरात नव्याने आलेल्यांसाठी

नागपूर, नाशिक, जळगाव, कोल्हापूर, कुठूनही बदली होऊन मुंबईत आलेल्या जोडप्याच्या सामानात दोन वस्तू हमखास सापडतात. बाळाचे दोन-तीन जाडजूड स्वेटर आणि आजीने विणलेली कानटोपी. डिसेंबर उजाडला की गावाहून फोन येतो आणि हवापाण्याच्या आधी प्रश्न येतो, "कानटोपी घातलीस ना गं त्याला?" हो म्हणावं आणि विषय बदलावा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला मुंबईच्या थंडीचा त्रास फारसा होत नाही. त्रास होतो तो धुळीचा, आणि पहाट-दुपारच्या तापमानातल्या तफावतीचा. इथला हिवाळा काढायचा म्हणजे या दोघांना सांभाळायचं. त्यासाठी काय-काय करायचं ते क्रमाने सांगते.

आधी इथली थंडी ओळखा

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि लगेच घामाच्या धारा लागतात. ही ऑक्टोबर हीट. तिला थंडीची सुरुवात समजून कपाटातून गोधड्या काढू नका. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पहाटे जरा गार वाटतं, तेवढंच. खरी थंडी साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तीही सलग नाही. उत्तरेकडे बर्फ पडून तिकडचे वारे खाली उतरले की चार दिवस बोचरी हवा, मग आठवडाभर पुन्हा पंखा.

हवामान खात्याच्या मुंबईत दोन वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. बातम्यांत दोन आकडे येतात ते म्हणून. जानेवारीत सांताक्रूझला पहाटेचं तापमान सरासरी १६-१७ अंश आणि दुपारचं ३०-३१. कुलाब्याला समुद्राच्या शेजारामुळे रात्र दोन-तीन अंशांनी उबदार. तुम्ही बोरिवली, मुलुंड किंवा आरेच्या बाजूला घर घेतलं असेल तर झाडीमुळे पहाट आणखी गार लागेल. सांताक्रूझचा नीचांक २२ जानेवारी १९६२ चा, ७.४ अंश. म्हणजे या शहरात कधीच थंडी पडत नाही असं नाही, पण तुमच्या मुलाच्या बालपणात ती पडेलच यावर पैसे लावू नका.

लक्षात ठेवायचा आकडा एवढाच, की एकाच दिवसात चौदा अंशांचा फरक. सकाळी साडेसहाला घातलेले कपडे दुपारी बाराला मुलाला नकोसे झालेले असतात. बरं, घरातल्या घरात थंडी मोजायला एक सोपी खूण आहे. खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजलेली दिसली, की रात्री खोली चोवीस अंशांच्या खाली गेली होती. मुंबईकराच्या लेखी ही थंडीच.

नोव्हेंबरातच उरकायची कामं

पावसाळाभर कपाटात बंद राहिलेल्या लोकरीला कुबट वास येतो, कधी बुरशीही धरते. स्वेटर, दुपटी, गोधड्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका आणि मगच अंगाला लावा. त्याच आठवड्यात पंख्याची पाती, खिडकीच्या जाळ्या, पडदे आणि एसीची जाळी धुऊन घ्या. मऊ खेळण्यांनाही एकदा पाणी दाखवा. त्यांच्यात किती धूळ असते ते बादलीतलं पाणी सांगतं.

मग डॉक्टरांकडे एक फेरी. इथे फ्लूची एक लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी बहुधा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस सुचवते. पहिल्यांदाच घेत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून आधीच जावं. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत पैसे मोजावे लागतात. सरकारी वेळापत्रकातल्या १६ ते २४ महिन्यांच्या लसी मात्र महापालिकेच्या आरोग्य केंद्रावर मोफत मिळतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ. बदलीच्या धांदलीत नेमक्या याच राहून जातात. गावाकडचं लसीकरणाचं कार्ड घेऊन जा, तिथे पुढची नोंद करून देतात. अ जीवनसत्त्वाचा दर सहा महिन्यांचा डोसही त्याच वेळी विचारून घ्या.

धूळ : सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

पावसाळ्यात मुंबईची हवा धुतली जाते. हिवाळ्यात उलटं होतं. समुद्रावरून येणारा वारा मंदावतो आणि उशिरा सुटतो, रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरच्या उबदार थराचं तिच्यावर झाकण पडतं आणि रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर, बांधकामाची माती सगळं त्या झाकणाखाली अडकून राहतं. सकाळी सातला खिडकीतून दिसणारं ते पांढुरकं पाहून नवे लोक म्हणतात, "वा, काय छान धुकं पडलंय!" ते बरेचदा धुकं नसतंच.

आपलं मूल जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर श्वास घेतं, आणि आपल्यापेक्षा भराभर घेतं. गाड्यांचा धूरही खालीच सुटतो. रस्त्यावर त्याला कडेवर घ्यायला हे एक कारण पुरे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप फोनवर घ्या. त्यात आपल्या घराजवळच्या केंद्राचा हवेचा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट आणि त्यापुढे फारच वाईट. आमच्या घरचा नियम साधा आहे. दीडशेच्या आत असेल तर बागेत, दोनशेच्या वर असेल तर घरातच उश्यांचा डोंगर. मधल्या आकड्याला मुलाचं नाक बघून ठरवायचं. मास्कचा उपाय सुचवणारे भेटतील, पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मास्क लावायचाच नसतो, गुदमरण्याची भीती असते. आणि त्याहून मोठं मूल तो दोन मिनिटांत चावून चिंब करतं.

घरात करायच्या गोष्टी अशा. केरसुणीने कोरडा केर काढायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, किंवा मूल दुसऱ्या खोलीत असताना केर काढायला सांगा. कामाच्या ताईंना एकदा कारण सांगितलं की त्या लक्षात ठेवतात. त्यांच्या घरीही लहान मुलं असतात. खिडक्या पहाटे उघडायची गावाकडची सवय इथे मोडावी लागते. ऊन वर आल्यावर, साधारण दहा-अकराच्या पुढे उघडाव्यात आणि संध्याकाळी रहदारी वाढायच्या आत रस्त्याकडच्या तरी लावून घ्याव्यात. मागच्या अंगाची खिडकी असेल तर ती उघडी चालेल. वन बीएचकेत मागचं अंग असतंच असं नाही, हे मान्य.

धूर घरात तयार करू नका. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, तिन्ही आल्या यात. देवघरापाशी निरांजन लावा, उदबत्ती सोसायटीच्या देवळात लावली तरी देवाला पोचते. डासांसाठी मच्छरदाणी. हिवाळ्यात डास नाहीत हा समजही इथे पहिल्याच महिन्यात गळून पडेल. गटार-नाल्यांतले डास थंडीत उलट वाढतात.

शेजारी इमारत पाडून नवी उभी राहत असेल, आणि मुंबईत ती असतेच, तर पत्र्याची उंच भिंत, हिरवं कापड आणि पाण्याचा फवारा या गोष्टी बिल्डरला कराव्याच लागतात. महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात त्याची नियमावली काढली. काम उघड्यावर चालू असेल किंवा कोणी कचरा जाळत असेल तर महापालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. एकट्याने करण्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरींना पुढे घाला. गेटवर रात्री शेकोटी पेटवणाऱ्या वॉचमनकाकांना रागवू नका, ते खरंच कुडकुडत असतात. वर्गणी काढून त्यांना एक चांगली घोंगडी आणि जाड जाकीट द्या, प्लास्टिक जाळणं आपोआप थांबतं.

आणि कबुतरं. एसीच्या डब्यावर किंवा डक्टमध्ये त्यांनी घरटं केलं असेल तर मूल झोपेत असताना, तोंडाला फडकं बांधून, विष्ठेवर आधी पाणी मारून मगच साफ करा. सुकलेली विष्ठा झाडली की ती हवेत उडते, आणि फुप्फुसांना ती वाईट. ग्रिलमध्ये दाणे टाकणारे शेजारी असतील तर गोडीने बोला. या विषयावर मुंबईत भांडणं कोर्टापर्यंत गेली आहेत.

मालिश आणि आंघोळ

थंडीत आंघोळीची वेळ सकाळी सातवरून साडेदहा-अकरावर न्या. नोकरी असेल तर संध्याकाळी सहाच्या आत उरका. रोज डोक्यावरून घालायलाच हवी असं नाही. केस एक दिवसाआड पुरतात.

तेल खोबरेल किंवा तिळाचं. थिजलेली बाटली थेट गॅसवर धरायची नाही, गरम पाण्याच्या तांब्यात दोन मिनिटं उभी केली की काम होतं. नाकात-कानात तेलाचा थेंब सोडायची पद्धत मालिशवाल्या मावशी अजून पाळतात. त्यांना नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. अंगाला डाळीचं पीठ लावून खसाखसा चोळायचं असेल तर पावसाळ्यात लावा, थंडीत कातडी आधीच कोरडी झालेली असते. आंघोळीनंतर अंग टिपून, थोडं ओलं असतानाच क्रीम किंवा खोबरेल लावलं की पायांवरचे पांढरे ओरखडे पडत नाहीत. गालांना आणि ओठांखालच्या लाळेच्या जागेला पेट्रोलियम जेली.

पाणी काढताना बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. मूल मधेच धावत आलं तर उकळतं पाणी एकटं सापडायला नको. कोपर बुडवून बघा, बोटांना गरमपणा नीट कळत नाही. आंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घाला. वीतभर पाणीसुद्धा या वयाच्या मुलाला बुडायला पुरतं. मुंबईच्या घरांत पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून पिंपं-बादल्या भरून ठेवायची सवय असते, त्यामुळे हे इथे जास्तच सांभाळावं लागतं.

भाड्याच्या घरात बाथरूमच्या आतच गॅस गीझर बसवलेला असेल तर घरमालकाशी बोलून तो बाहेर हलवून घ्या किंवा विजेचा बसवा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, चक्कर येईपर्यंत कळत नाही, आणि लहान मुलाला तो मोठ्यांच्या आधी बाधतो. थंडीत खिडकीची फट कागदाने बंद करायचा मोह होतो, तो तर अजिबात नको. हलवून होईपर्यंत बाहेर बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच मुलाला आत न्या.

कपडे : कांद्याच्या पाकळ्यांसारखे

एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ घाला. आतून सुती बंडी, वर पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट, त्यावर पुढून बटणं असलेला पातळ स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर टाळा. पाळणाघरात दहा मुलं सांभाळणाऱ्या ताईंना तो प्रत्येकाच्या डोक्यातून काढायला वेळ नसतो, मग मूल दुपारपर्यंत घामाने भिजतं आणि तोच घाम पंख्याखाली अंगावर सुकतो. पाळणाघराच्या पिशवीत एक सुती जोड जास्तीचा आणि एक रिकामी कापडी पिशवी ठेवा, काढलेले कपडे त्यात परत येतात. स्वेटरवर नाव शिवून टाका. निळा स्वेटर प्रत्येकाचा असतो.

मुलाला थंडी वाजतेय की उकडतंय हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे, बंडीच्या आत हात घालून बघा. तिथे कोमट आणि कोरडं असलं तर सगळं ठीक. दमट असलं तर एक थर कमी.

रात्री कानटोपी घालून झोपवू नका. झोपेत डोकं झाकलेलं असलं की मुलाला जास्त उकडतं, आणि टोपी सरकून नाकावर येते ते वेगळंच. पांघरूण ती लाथेने उडवतातच. त्यामागे उठत बसण्यापेक्षा पायजमा आणि पायमोजे घालून, दुपट्याची कड गादीखाली सारून द्या. पंखा एकवर चालेल, मुंबईत पंखा बंद करून झोपणं हे तसंही कुणाच्याने होत नाही. रूम हीटर घेऊ नका, पैसे वाया. थंडीत मुलं लघवी जास्त करतात, तेव्हा झोपायच्या आधी डायपर बदला.

लोकरीचे कपडे नवे घ्यायचेच असतील तर एक माप मोठं आणि एकच. महाग घेऊ नका. फेब्रुवारी संपेपर्यंत ते जेमतेम पंचवीस-तीस सकाळी अंगावर चढतात.

ताटात काय

हा मुंबईतला खाण्यापिण्याचा सुखाचा काळ. मंडईत लाल गाजरं, कोवळे मटार, वालपापडी, तुरीच्या शेंगा, मेथी, हिरवी लसूण, ओले हरभरे, सगळं एकदम येतं. मटार सोलायच्या कामाला मुलाला सोबत बसवा. तासभर गुंतून राहतं, फक्त कच्चा मटार तोंडात आणि नाकात जात नाही ना याकडे एक डोळा असू द्या. उकडून चेचलेले मटार-गाजर मऊ भातात तुपाबरोबर, मेथीचा बारीक चिरलेला पाला थालीपिठात, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून किंवा लोणी-गूळ लावून. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून खिरीत घातले की मुलं न कुरकुरता खातात. डिंकाचा लाडू चुरून चमचाभर द्यावा, आख्खा हातात देऊ नये.

संत्री, पेरू, केळी, दही थंडीत देऊ नये असं तुम्हाला किमान तीन माणसं सांगतील. सर्दी विषाणूने होते, केळ्याने होत नाही. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा आणि द्या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नीट धुऊन, चार फोडी करून. पेरूच्या बिया काढून. तहान कमी लागते म्हणून पाणी मागे पडतं आणि शौचाला खडा होतो, तेव्हा मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, पातळ ताक असं काही ना काही दिवसभर पोटात जाऊ द्या.

बाहेर पडायचं तर

पहाटेचा फेरफटका वजनं उचलणाऱ्या काकांसाठी सोडा. मुलाला दहा ते साडेअकरा किंवा दुपारी चार ते साडेपाच न्या, वारा सुटलेला असतो. रिक्षात त्याला कडेला बसवू नका, दोघांच्या मध्ये घ्या आणि ओढणीचा आडोसा करा. नव्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, रिक्षा वांद्रे आणि शीवच्या (सायनच्या) पुढे दक्षिणेकडे जात नाहीत, तिथून टॅक्सी किंवा बस. बाबागाडी फुटपाथवर चालवता येत नाही आणि लोकलमध्ये चढवता येत नाही. पोटाशी बांधायची झोळी घ्या. लोकलमध्ये पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. सकाळी शहराकडे जाणारी आणि संध्याकाळी परतणारी गर्दीची गाडी टाळा, रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या कुठे बंद आहेत, ते बघून निघा.

काही तारखा डोक्यात असू द्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो लोक येतात. आदल्या दिवसापासून दादर गच्च असतं, मुलाला घेऊन तिथे खरेदीची कामं काढू नका. डिसेंबरात माहीमचा उरूस. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, तेव्हा सकाळी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते बंद.

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. राणीच्या बागेत सगळे पेंग्विनसाठी रांग लावतात. दोन वर्षांच्या मुलाला तिथली जुनी झाडं आणि मोकळी वाट जास्त आवडते, पेंग्विन पुढच्या वर्षीही असतील. ऐरोली-भांडुपकडे खाडीत फ्लेमिंगो येतात, जरूर जा, पण मुलाला दुरून गुलाबी ठिपक्यांपेक्षा पायाखालच्या चिखलात रस असणार हे धरून चाला.

लग्नसराईचं एक. लॉनवरची लग्नं रात्री दहाला रंगात येतात आणि उघड्यावर तेव्हाच गारठा उतरतो. मुलाचं जेवण घरून करून न्या, डीजेच्या भिंतीपासून लांबची खुर्ची पकडा आणि वरातीची वाट न बघता निघा. आहेर देऊन झाला की कुणी अडवत नाही.

सर्दी-खोकला आला, आता?

येणारच. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं यात वावगं काही नाही, आणि त्यातल्या निम्म्या या तीन महिन्यांत होतात असं वाटतं. नाक चोंदलं तर साध्या सलाईनचे थेंब, दूध पाजायच्या आणि झोपायच्या आधी. पातळ गरम पदार्थ. एक वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध. एक वर्षाच्या आत मध बोटावरही नको.

खोकल्याचं औषध मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा बजावलं आहे, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा देऊ नयेत. दुकानदार "हे सगळे नेतात" म्हणेल. म्हणू द्या.

तापाचं पॅरासिटॅमॉल वजनावर ठरतं. डॉक्टरांना मुलाचं ताजं वजन सांगून मात्रा लिहून घ्या आणि चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावा. यात एक मोठी गोम आहे. ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपमध्ये पाच मिलिलीटरमध्ये १२० किंवा २५०. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर मात्रा दुप्पट ते चौपट होते. घरात एकच प्रकार ठेवा, आणि आजी-आजोबा मुलाला सांभाळत असतील तर त्यांना बाटली हातात घेऊन दाखवा.

आता आजी-आजोबांचाच विषय निघालाय तर. थंडीत सासूबाई किंवा आई मुंबईत राहायला येतात, आणि ओव्याची धुरी, वेखंड, कापराचं तेल असा सगळा बटवा त्यांच्याबरोबर येतो. "आम्ही नाही का वाढवली पोरं?" या प्रश्नाला वादाने उत्तर मिळत नाही. मी म्हणते, "आई, धूर नको, तुम्ही ओव्याची पुरचुंडी करून शेका ना." पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग मुलाच्या पायाच्या तळव्यांना, पाठीला कपड्यावरून. त्यांचंही मन राहतं. कापराच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून देवघरातला डबासुद्धा वरच्या फळीवर. चोळायचे उग्र वासाचे बाम दोन वर्षांच्या आत नकोत. वाफेसाठी उकळत्या पाण्याचं पातेलं मुलाच्या आसपास नको, भाजण्याचे अपघात याच दिवसांत होतात.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं, ते मोजून ठरवा. मूल शांत झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त भरले तर थांबू नका. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणं, छातीतून घरघर, ओठ निळसर, काही न पिणं, सहा-आठ तासांत लघवी न होणं, सुस्त पडून राहणं, तीन दिवसांवर गेलेला ताप, यातलं काहीही दिसलं तरी तसंच. साध्या दुखण्याला जवळचा महापालिकेचा आपला दवाखाना, तिथे तपासणी मोफत. मोठ्या दुखण्याला केईएम, शीव, नायर किंवा परळचं मुलांचं वाडिया रुग्णालय. रात्री वाहन मिळत नसेल तर १०८. आपल्या घरापासून चोवीस तास उघडं असलेलं मुलांचं रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे मूल बरं असतानाच एकदा जाऊन बघा.

संक्रांत आणि बोरन्हाण

जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करतात. मूल पहिल्या संक्रांतीला तान्हं होतं म्हणून राहून गेलं असेल तर यंदा करा, पाच वर्षांपर्यंत चालतं. नव्या बिल्डिंगमध्ये ओळखी व्हायला याच्यासारखं निमित्त नाही. मजल्यावरच्या चार काकू आणि त्यांची नातवंडं बोलवायची, बस.

काळं झबलं आणि हलव्याचे दागिने दादरला किंवा गिरगावात मिळतात. मुलाच्या मापाचा मुकुट, बाजूबंद, हार असा संच येतो. दोरा पक्का आहे ना ते ओढून बघा, कारण मूल सगळ्यात आधी हार तोंडात घालतं. फोटो झाले की दागिने काढून ठेवा. वेळ अकराची धरा, ऊन घरात आलेलं असतं. पंखा बंद, पाटाखाली चादर, औक्षण, आणि मग डोक्यावरून ओतायचं.

काय ओतायचं हा खरा प्रश्न. रीतीप्रमाणे बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या, तिळाचा हलवा, गोळ्या. यातल्या निम्म्या वस्तू दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकायच्या मापाच्या आहेत. शेंगदाणा, हलव्याचा दाणा, रेवडी, बोराची बी, कडक गोळी, चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती यातलं काही लागू नये. म्हणून ओतायला चुरमुरे भरपूर आणि फुलांच्या पाकळ्या, मोठी बोरं पाच-सात शकुनापुरती, वेष्टनातली बिस्किटं आणि छोटे चेंडू. मोठी मुलं गोळा करायला झेपावतात तेव्हा एकाने लहानग्याला चटकन उचलून घ्यायचं, हे काम आधीच कुणाला तरी नेमून द्या. बाबा फोटो काढत असतात, त्यांच्यावर विसंबू नका. तीळगूळ द्यायचा तर तिळाची बारीक पूड करून मऊ वडी.

काही अडकलंच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फळांमध्ये तळहाताने पाच थापा, तरी निघालं नाही तर पाठीमागून धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आळीपाळीने. पोटाचे दाब एक वर्षाच्या वरच्या मुलालाच. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत सरकते. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा.

पाहुणे गेल्यावर सोफ्याखाली, पडद्यामागे, चपलांच्या कप्प्यात हलव्याचे दाणे सापडत राहतात. त्या दिवशी दोनदा झाडून घ्या, ओलं फडकं मग.

रथसप्तमी होऊन गेली की ऊन चढायला लागतं, फेब्रुवारीच्या शेवटी पारा पस्तिशीच्या पुढेही जातो. स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून बांधून ठेवा. पुढच्या वर्षी ते मुलाला होणार नाहीत. खालच्या मजल्यावर कुणाला दिवस गेले असतील तर त्यांना देऊन टाका.